आण्णांचं परराष्ट्र खातं

जगात कुठेही सरकार पडलं की आमच्याकडे चहाला उशीर होतो. कारण आमचे सासरे, आण्णा, आधी प्रतिक्रिया देतात आणि मगच कपाला हात लावतात. प्रतिक्रिया बसून देत नाहीत हं! इथे न्यूझीलंडमध्ये, मनुरेव्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात, भर उन्हाळ्यात कानटोपी आणि पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अशा थाटात ते फ्रिजपाशी ताठ उभे राहतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "या घडामोडींकडे आम्ही चिंतेने पाहत आहोत."

आता हे 'आम्ही' म्हणजे कोण, ते विचारायची माझी छाती नाही. जन्मभर साताऱ्यात नागरिकशास्त्र शिकवलं या माणसानं. परराष्ट्र खात्याशी संबंध काय, तर पासपोर्टपुरता.

घरातही हीच भाषा. आमटी खारट झाली की 'तीव्र नापसंती'. माझं आणि नवऱ्याचं वाजलं की 'दोन्ही बाजूंनी संयम बाळगावा'. नात म्हणाली, "आजोबा, यू आर सो फनी," की 'द्विपक्षीय संबंध उत्तम आहेत' असं जाहीर करून तिला चॉकलेट. सासूबाई गेल्या त्या वर्षी मी येता-जाता विचारायचे, "आण्णा, बरे आहात ना?" उत्तर ठरलेलं: "परिस्थिती नियंत्रणात आहे." अस्सा राग यायचा मला! बायको गेलीय, जरा रडावं की नाही माणसानं?

कुंपणापलीकडे फिजीचे चाचा राहायचे. तेही एकटेच. त्यांची हिंदी फिजीची, आण्णांची शाळामास्तरी, पण दोघांचं गूळपीठ असं की बघत राहावं. दोन हजार सहाच्या नाताळाला चाचांची एकुलती एक मुलगी फिजीच्या राजधानीहून, सुवाहून येणार होती. कितीतरी वर्षांनी! चाचांनी तिच्यासाठी खोली रंगवली, नवी गादी आणली. रंग निवडायला अर्थातच आण्णा गेले होते. 'चर्चा सकारात्मक वातावरणात पार पडली,' असं आम्हाला कळवण्यात आलं.

आणि डिसेंबरच्या सुरुवातीलाच फिजीत लष्करानं सरकार ताब्यात घेतलं. कुणी म्हणे बरं झालं, कुणी घाबरून दारं लावून बसलं. निवडणुका कधी होणार, ते कुणालाच सांगता येईना. आण्णांना तर काय, घरच्या कार्यासारखी लगबग! फ्रिजपाशी उभं राहून त्यांनी गर्जना केली, "नुसता निषेध पुरे नाही! फौजेतल्या लोकांना आणि त्यांच्या घरच्यांनाही या देशात पाय ठेवू देऊ नये!"

मग एका संध्याकाळी बातम्यांत सांगितलं की न्यूझीलंड सरकारनं नेमकं तेच केलंय. आण्णा कोचावरून ताडकन उठले. "ऐकलं! वेलिंग्टननं माझं ऐकलं!" आणि निघाले की तसेच कुंपणाकडे. "चाचा, हमारी माँग मंजूर हो गई!"

चाचांनी लॉनमोअर बंद केला. मी खिडकीतून ऐकत होते.

"मास्टरजी," चाचा म्हणाले, "हमार दमाद फौज में है. बैंड में बाजा बजाता है. अब बिटिया नहीं आ पाएगी."

आण्णा परत आले. त्या रात्री नीट जेवलेसुद्धा नाहीत.

"अहो आण्णा, सरकारनं काय तुम्हाला विचारून केलंय?" मी म्हटलं.

"पण मी मागितलं होतं ना गं," ते म्हणाले.

पुढे कितीतरी दिवस फ्रिजपाशी कुणी उभं राहिलं नाही. चहा वेळेवर व्हायला लागला आणि मला तो गोड लागेना.

नाताळच्या सकाळी आण्णा आपलं फोनकार्ड खिशात घालून चाचांकडे गेले. चाचांना फोनवर नीट ऐकू यायचं नाही, म्हणून ऐकायचं काम आण्णांनी घेतलं. मी श्रीखंड-पुरीचा डबा घेऊन मागोमाग गेले. त्या नव्या रंगाच्या खोलीत, नव्या गादीच्या कडेला चाचा तोंडाला टॉवेल लावून बसले होते. खांदे हलत होते. आण्णा फोन कानाला लावून ओरडत होते, "बेटी पूछती है, खाना खाया?"

चाचांनी नकारार्थी मान हलवली.

"हाँ हाँ बेटी, खाया. दो बार खाया!" आण्णांनी बेधडक ठोकून दिलं. डबा तर अजून माझ्या हातात होता.

मग त्यांनी फोनवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "पूछती है, पापा रो तो नहीं रहे?"

चाचांनी टॉवेल तोंडावर आणखी दाबला. आण्णा ताठ उभे राहिले, अगदी फ्रिजपाशी राहतात तसे. घसा खाकरला.

"नहीं बेटी. यहाँ परिस्थिति नियंत्रण में है."

आवाज खणखणीत होता. पण एक हात चाचांच्या खांद्यावर होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

घरी आल्यावर मी विचारलं, "आण्णा, बरे आहात ना?"

त्यांनी फ्रिजकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले, कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"नाही गं," ते म्हणाले. "तुझ्या सासूबाईंची फार आठवण येते. जरा चहा टाक. आणि तूही बस."