कोचच्या घराचं जांभळं दार

घराचं दार रंगवायचं ठरवलं, इथून सगळं सुरू झालं. ठरवलं नेडीनने, मी फक्त "बरं" म्हणालो. (आमच्या घरात सगळे मोठे निर्णय असेच होतात. छोटे निर्णय ती मला न विचारताच घेते.)

सव्वीस वर्षं मी कोल्टन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच होतो. मुलं लाल हेल्मेट घालून मैदानात उतरायची आणि बहुतेक वेळा जिंकूनच परतायची. यात माझ्या डोक्याचा वाटा किती आणि मुलांच्या खांद्यांचा किती, यावर गावात मतभेद आहेत. पण स्टेडियमच्या फाटकाशी माझा पुतळा उभा आहे. त्याचं पोट माझ्यापेक्षा बरंच कमी आहे.

मी निवृत्त झालो, तेव्हा नेडीनने दोन गोष्टी मागितल्या. पहिली, लग्नाचा वाढदिवस. आमचं लग्न ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी झालं. ऑक्टोबरचा शनिवार म्हणजे मॅचचा दिवस, पण तेव्हा मी खेळाडू होतो, पाय प्लास्टरमध्ये होता आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पुढे पाय बरा झाला आणि वाढदिवस कायमचा बुडाला. आम्ही तो दरवर्षी मॅचचा मोसम संपल्यावर, फेब्रुवारीत साजरा करायचो. यंदा मात्र तो ज्या दिवशी येतो त्याच दिवशी, तळ्याकाठच्या लाकडी घरात, फक्त दोघांनी करायचा, असं ठरलं.

"नक्की ना?" नेडीनने विचारलं.

"नक्की."

"मागच्या वेळीही नक्कीच होतं."

हे खरं होतं. चार वर्षांपूर्वी मी एकदा निवृत्त होऊन पाहिलं होतं. फ्रीजमधला निरोप समारंभाचा केक संपायच्या आत मी पुन्हा मैदानावर शिट्टी फुंकत होतो. तेव्हा ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. म्हणून या वेळी मी मनाशी गाठ बांधली होती की आकाश कोसळलं तरी परत जायचं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हे दार. कोल्टनच्या कोचच्या घरात लाल सोडून दुसरा रंग शिरत नाही. पडदे लाल, कपबशा लाल, न्हाणीघरातलं पायपुसणंसुद्धा लाल. नेडीनला लग्नापासून जांभळं दार हवं होतं. पण जांभळा रंग मार्लो कॉलेजचा, आणि मार्लो म्हणजे आमचा पिढीजात वैरी. आमच्या गावात वांगीसुद्धा लोक जरा संशयानेच विकत घेतात.

"आता तू कोच नाहीस," ती म्हणाली. "मग रंगाला काय धाड भरली आहे?"

मी जांभळ्या रंगाचा डबा आणला आणि कामाला लागलो. पहिला हात देऊन झाला तोच शेजारचा ऑर्व्हिल कुंपणाशी येऊन उभा राहिला. ऑर्व्हिल म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेला गृहस्थ, पण बातम्या घरोघर पोचवायची सवय काही सुटलेली नाही.

"कोच, काय चाललंय?"

"दार रंगवतोय."

"ते दिसतंय. जांभळं?"

"जांभळं."

ऑर्व्हिलने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. आमच्याकडे प्रेतयात्रा जाताना काढतात तशी.

"म्हणजे खरं आहे तर," तो म्हणाला. "काल रात्री मार्लोने त्यांच्या कोचला काढून टाकलं. आणि आज सकाळी तुम्ही ब्रश घेऊन उभे."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. निर्धार पक्का राहावा म्हणून मी वर्तमानपत्राचं खेळाचं पान नेडीनला आधीच काढून ठेवायला सांगितलं होतं. (ती त्यात बटाट्याची सालं गुंडाळते.) मी ऑर्व्हिलला हे सगळं समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि घरात जाऊन फोन उचलला.

संध्याकाळपर्यंत आमचा फोन थांबेना. शेवटी मी स्थानिक रेडिओवर जाऊन सरळ सांगून टाकलं, "मी निवृत्त आहे. मी कुठेही जाणार नाही."

इथेच मी पायावर धोंडा मारून घेतला. आमच्या धंद्यात "मी कुठेही जाणार नाही" असं कोच म्हणाला, की त्याचं सामान बांधून झालंय असं शहाणे लोक समजतात. यात लोकांचा दोष नाही. आधीच्या कॉलेजात मी हेच वाक्य मंगळवारी बोललो होतो आणि गुरुवारी कोल्टनमध्ये लाल टोपी घालून फोटो काढून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला नेहमीच्या खानावळीत गेलो. ट्रूडी तिथे मी कोच झालो त्याच्याही आधीपासून वाढायचं काम करते. तिने माझ्यापुढे थंडगार बिस्किटं (आमच्याकडची, पावासारखी मऊ) आणि त्यावर थंडगार रस्सा आणून आदळला.

"ट्रूडी, हे गार आहे."

"मार्लोला गरम मिळतं म्हणे."

"अगं, मी कुठेही जात नाहीये."

"ऐकलं मी रेडिओवर," ती माझ्याकडे एकटक बघत म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी 'दोन दारांपाशी उभ्या असलेल्या आपल्या एका बांधवासाठी' प्रार्थना केली. सगळं चर्च डोळे मिटून माझ्याकडे बघत होतं. परत येतो तो अंगणातल्या झाडांवर कुणीतरी रागाने संडासातल्या कागदाची भेंडोळी फेकून ठेवलेली, आणि पायरीवर मार्लोवाल्यांनी पाठवलेला भलामोठा जांभळा केक.

"हा फेकून दे," मी म्हणालो.

"केक कुणाच्या बाजूचा नसतो," नेडीन म्हणाली आणि सुरी घेऊन आली.

मग ती दोन दिवस तिच्या बहिणीकडे, ओपलकडे गेली, आणि मला बुद्धी सुचली. (मला बुद्धी सुचते ती नेमकी नेडीन घरात नसताना.) मी दार पांढरं केलं. पांढऱ्यात कोणाला काय दिसणार? दुपारी ऑर्व्हिल कुंपणाशी हजर.

"पांढरं म्हणजे उत्तरेकडचं ते मिशनरी कॉलेज ना? पैसा आहे त्यांच्याकडे."

मी हिरवं केलं. हिरवा शेतकी कॉलेजचा निघाला. पिवळा रंग तर दोन कॉलेजांचा होता आणि त्यांचं आपसात हाडवैर. देवाने इंद्रधनुष्य बहुतेक कॉलेजांना विचारूनच बनवलं असावं. शेवटी माझं डोकं फिरलं. मी बिजागऱ्या उचकटल्या, दार गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं आणि चौकटीला एक चादर टांगली.

चादर अर्थातच लाल होती. घरात दुसरी होतीच कुठे? तासाभरात कोल्टनच्या नव्या कोचचा फोन. पोरगा माझ्याच हाताखाली तयार झालेला.

"कोच, माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं. "तुम्ही परत येताय असं सगळे म्हणतायत. माझ्या बायकोने लाल पडद्यांची ऑर्डर रद्द केली."

"बाळा, मी कुठेही..." असं मी म्हणू लागलो आणि जीभ चावली.

नेडीन परतली तेव्हा घरात मी आणि एक रॅकून होतो. हे मांजराएवढं चोरटं जनावर चादरीखालून आलं होतं आणि उरलेल्या केकवर बसलं होतं.

"दार कुठाय?"

"गॅरेजमध्ये."

"का?"

"मी घर सोडून जाणार नाही हे लोकांना पटावं म्हणून."

"घराचं दार काढून?"

तिने झाडूने रॅकूनला वाट दाखवली, बॅग खाली ठेवली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"वेंडेल, गावाचं मला काही देणंघेणं नाही. शनिवारी आपण तळ्यावर जातोय की नाही, एवढंच सांग."

"जातोय. मी दुसरीकडे कुठेही जाणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. ट्रूडीने बघितलं होतं ना, अगदी तसंच. ते मात्र मला लागलं. गाव काय, ते उद्या विसरेल. पण जन्मभर माझ्यासाठी फेब्रुवारीत वाढदिवस करणाऱ्या बाईलाही माझा शब्द खोटा वाटावा? त्या क्षणी मी ठरवलं की मार्लोवाले माझ्याकडे आलेच, तर नेडीनच्या देखत असा नकार द्यायचा की पुन्हा कुणी नाव काढणार नाही.

दोन दिवस मी आरशासमोर नकाराची तालीम केली. सुरुवात नम्र, मधे थोडा गहिवर, शेवटी ठामपणा.

गुरुवारी ते आले. उत्तम सूट घातलेले तिघे. ठोठावायला दार नसल्यामुळे त्यांनी चादर हलवली. पुढचा होता मार्लोचा क्रीडाप्रमुख हॅस्केट. मी नेडीनला हाक मारून बाजूला उभं केलं आणि त्याने तोंड उघडायच्या आत सुरू झालो.

"हॅस्केटसाहेब, तुम्ही देऊ कराल त्या पैशाचा मला आदर आहे. पण जन्मभर या बाईने माझी वाट पाहिली. आता मला तिची वाट पाहू द्या. जगातल्या सगळ्या स्टेडियमांच्या किल्ल्या आणून दिल्यात, तरी माझं उत्तर नाही हेच आहे."

भाषण फारच उत्तम झालं. तिघांतल्या एकाने तर नाक शिंकरलं. नेडीनचा चेहराही थोडा मऊ झाला होता. हॅस्केट मात्र टोपी हातात फिरवत राहिला.

"कोच," तो म्हणाला, "कसं सांगू... आम्ही त्यासाठी आलो नव्हतो."

"मग?"

"आमचा नवा कोच सोमवारीच ठरला. पस्तिशीचा आहे. पण आमचे लोक तुमच्या दाराचे फोटो घेऊन नाचतायत, त्या बिचाऱ्याचं स्वागत कुणी करेना. तर तुम्ही रेडिओवर एवढंच सांगाल का, की मार्लोने तुम्हाला विचारलेलंच नाही?"

"विचारलंच नाही?"

"नाव निघालं होतं," तो घाईघाईने म्हणाला. "म्हणजे चहाच्या वेळी."

नेडीन पदार्थ करपल्यासारखं करून स्वयंपाकघरात पळाली. चुलीवर काहीही नव्हतं. आतून तिचं हसू दाबल्याचे आवाज मात्र बराच वेळ येत होते.

शुक्रवारी मी रेडिओवर जाऊन सांगितलं, "मार्लोने मला विचारलेलं नाही. कुणीच विचारलेलं नाही." आणि तुम्हाला सांगतो, जे मी आठवडाभर घसा फोडून पटवत होतो, ते या दोन वाक्यांत अख्ख्या गावाला पटलं. कुणी शंकाही काढली नाही. ट्रूडीने वाफाळता रस्सा वाढला आणि वर ॲपल पायचा तुकडा फुकट दिला. "होतं असं, कोच," ती माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाली. "वय झालं की होतं." ऑर्व्हिलने दार पुन्हा जांभळं करायला आणि बसवायला मदत केली. आता ते कसल्याही रंगाचं असलं तरी चालण्यासारखं होतं.

शनिवारी आम्ही तळ्यावर पोचलो. पानं लाल-पिवळी झाली होती, तळं स्वच्छ होतं, आणि लाकडी घराच्या ओसरीत झुलत्या खुर्चीवर ओपल बसली होती.

"ही इथे कशी?" मी विचारलं.

नेडीन प्रथमच गडबडली. "मी उन्हाळ्यातच बुकिंग केलं," ती म्हणाली. "माझ्या आणि ओपलच्या नावाने. तू येशील असं वाटत होतं रे. पण तू येशीलच असं कसं धरून चालायचं?"

खोली एक, पलंग दोन. मी सोफ्यावर झोपायचं असं बहुमताने ठरलं. दुपारी मॅचची वेळ झाली तेव्हा आम्ही तळ्याकाठी बसलो होतो. माझा पाय आपोआप जमिनीवर ताल धरू लागला. मला मैदानाची फार आठवण आली, खोटं कशाला बोलू? नेडीनने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पाय थांबला. मी कुठेही गेलो नाही. मॅच संपेपर्यंत तिने हात काढला नाही.

रविवारी सकाळी मी दोघींच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन पायऱ्या उतरत होतो, तेव्हा घराची मालकीण, म्हातारी मिसेस फेन, समोर आली. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.

"दोन बायका येणार असं लिहिलं होतं," ती नेडीनला म्हणाली. "हा तुमचा ड्रायव्हर का?"

"हो," नेडीन म्हणाली.

"भरवशाचा आहे?"

नेडीनने माझ्याकडे नीट पाहिलं. "आहे," ती म्हणाली. "आता आहे."

"मग दर रविवारी मला चर्चला न्यायला हा मिळेल का? माझा मुलगा आदल्या दिवशीच्या मॅचपायी रविवारी उठतच नाही."

निवृत्तीनंतर मला कुणीतरी पहिल्यांदाच कामासाठी विचारत होतं. मी खुर्च्या खाली ठेवल्या, घसा साफ केला. सुरुवात नम्र, मधे थोडा गहिवर, शेवटी ठामपणा. सगळं तोंडपाठ होतं.

"मिळेल," नेडीन म्हणाली. "त्याला हल्ली दुसरं काही नसतं."

तेव्हा मी पुन्हा कामाला लागलोय, हे आता लपवण्यात अर्थ नाही. दर रविवारी तळ्यावर जातो, नेडीनही बरोबर येते, मिसेस फेनला तिच्याच गाडीतून चर्चला नेतो आणि परत आणतो. एवढं फक्त ऑर्व्हिलला सांगू नका. तिची गाडी जांभळी आहे.