आठ मीटर पलीकडची नणंद

भौतिकशास्त्राच्या बाईंना त्यांच्या नवऱ्याने घरात कोंडलं, तेही अगदी निष्पापपणे. बाई न्हाणीघरात होत्या. दौऱ्यावर निघालेल्या यजमानांना वाटलं, ही केव्हाच शाळेत गेली. त्यांनी बाहेरून कुलूप ठोकलं आणि गाडीत बसून, फोन बंद करून, झोपी गेले.

अकरा वाजता बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक येणार, बत्तीस मुलं ताटकळत उभी राहणार, आणि प्रयोगशाळेची किल्ली बाईंच्या जुडग्यात. घराच्या कुलपाची दुसरी किल्लीही त्याच जुडग्यात. आणि जुडगा बाईंच्या मुठीत, दाराच्या आत!

बाई गॅलरीत धावल्या. खाली पाइपलाइनसाठी खणलेला चर पाण्याने काठोकाठ भरला होता. कामगारांचा पत्ता नव्हता. समोरच्या इमारतीत, एक मजला खाली, नणंदेचा दाताचा दवाखाना. तिची खिडकी सताड उघडी होती.

"अगं, मी कोंडले गेलेय! किल्ली टाकते, झेल आणि वर ये!"

नणंदेने मास्क खाली ओढला. "वहिनी, पेशंट खुर्चीत आहे. आत्ताच इंजेक्शन दिलंय. आणि तुम्ही टाकणार? इतक्या लांब?"

खरं तर प्रश्न रास्त होता. बावीस वर्षं बाई फळ्यावर मनोऱ्यावरून चेंडू फेकत आल्या होत्या, पण कागदाचा बोळासुद्धा त्या टोपलीपर्यंत चालत जाऊन टाकत. मात्र आता त्यांचे डोळे चमकले. आडवं अंतर आठ मीटर, उभं तीन पूर्णांक दोन दशांश. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर भराभर गणित मांडलं. खाली यायला लागणारा वेळ शून्य पूर्णांक आठ दशांश सेकंद. म्हणजे आडवा वेग सेकंदाला दहा मीटर. काय सुरेख उत्तर! परीक्षेतसुद्धा इतकी गोड उत्तरं येत नाहीत.

अडचण एकच. सेकंदाला दहा मीटर म्हणजे हाताने नेमकं किती जोर लावायचा, हे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नव्हतं.

म्हणून आधी बटाटे. पहिला बटाटा अर्ध्या वाटेत दमला. डुबुक!

"पाच मीटरचा वेग पडला!" बाई आनंदाने ओरडल्या.

दुसरा खिडकीच्या वर भिंतीवर आपटून फुटला. तिसरा मात्र खिडकीतून थेट आत गेला आणि दवाखान्यातून पातेली पडावीत तसा खणखणाट झाला.

"वहिनी! चिमट्यांचा ट्रे!"

"पण जमलं की नाही?"

तेवढ्यात नणंदेच्या मागून एक माणूस उठला. गळ्यात निळा रुमाल, एक गाल सुजलेला. तो गवंडी होता. रोज खालून भिरकावलेल्या विटा परांचीवर उभं राहून झेलणारा.

"बाई, हिशोब शोडा!" बधिर ओठांतून त्याने हाक दिली. "आडवं मारू नका. खालून हात, वरती शोडा. वीट कशी, आरामात येते!"

बाईंनी झटकन आकडे बदलले. कोन पंचेचाळीस अंश. वेग दहावरून साडेसातावर आला! "अहो, बरोबर आहे! कोन वाढवला की जोर कमी लागतो!"

"तेच शांगतोय!"

बाईंनी जुडगा पायमोज्यात बांधला, हात मागे नेला आणि सोडला. पुस्तकात नेहमी लिहिलेलं असतं, हवेचा विरोध नगण्य मानावा. पायमोजा ते मानायला तयार नव्हता. तो शेपूट हलवत वर गेला, चराच्या वर क्षणभर रेंगाळला आणि भिंतीला लागणार असं वाटत असतानाच गवंड्याने कंबरेपर्यंत बाहेर वाकून एका हाताने तो टिपला.

बाईंनी टाळ्या पिटल्या. "पाहिलंस? द्विमितीय गती! प्रत्यक्षात!"

"मीच आणतो वरती," गवंडी म्हणाला आणि नणंद काही बोलायच्या आत दवाखान्याबाहेर पडला.

पाच मिनिटांत कुलूप खळकन उघडलं. गवंडी धापा टाकत दारात उभा होता. त्याने उंबऱ्याकडे बघितलं. "बाई, दाराखाली दोन बोटं फट हाये की. मी रिकाम्या हातानं वर आलो अशतो, तुम्ही किल्ली खालून शरकवली अशती, तर झालं अशतं."

बाईंनी फट पाहिली. मग मान ताठ करून म्हणाल्या, "झालं असतं. पण ती एकाच मितीतली गती झाली असती."

त्यांनी जुडगा पर्समध्ये टाकला. तोच समोरच्या खिडकीतून नणंदेचा आवाज आला. "वहिनी! त्याला पाठवा आधी परत! दाढ काढायची राहिलीय!"

गवंड्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने दोन्ही हात जोडले. "बाई, पाया पडतो. तीनदा येऊन पळालोय. आज तुमच्यामुळे शुटलो."

बाईंचं मन भरून आलं. असा झेल टिपणाऱ्या माणसाला चिमट्याच्या हवाली करायचं? गॅलरीत जाऊन त्यांनी आयुष्यातली पहिली धडधडीत थाप मारली. "अगं, तो इकडे आलाच नाही!"

नणंदेने खिडकीतून मान बाहेर काढली.

"मग दार कोणी उघडलं, वहिनी?"

गवंडी तोवर जिन्याकडे पळाला होता. बाई आत वळल्या, आणि गवंड्याच्या पाठोपाठ दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरू लागल्या.