तीन डोळ्यांचा राजा आणि कापलेले आकडे

टक्!

पंख्याचं बटण दोनवरून पाचवर गेलं, त्याचा हा आवाज. त्याला आता तीस-बत्तीस वर्षं झाली. पण अजूनही कुठे पंख्याचं बटण फिरलं की मी हातातला कागद छातीशी धरतो. (हातात कागद नसला तर नुसतीच छाती धरतो, आणि घरातले डॉक्टरला फोन लावतात.)

मी बाइंडर. घराची पुढची खोली हेच माझं दुकान. शिक्षण चौथीपर्यंत, तेही अडखळत. पुस्तकं हजारांनी बांधली, पण वाचली नाहीत. बांधणारा वाचत बसला तर बांधायचं कोणी?

त्या दिवशी टेबलावर दोन गठ्ठे होते. एक प्राध्यापकांचा. प्राचीन राजे आणि त्यांच्याभोवती लोकांनी रचलेल्या कथा, असा विषय. दुसरा आमच्या मुलीचा. ती होती अवकाशातली कादंबरी. मुलगी टायपिस्ट, प्राध्यापकांचं लिखाण तीच टाइप करायची. त्यामुळे दोन्हींचं मशीन एक, कागद एक, शाईसुद्धा एक. कादंबरी तिची पहिलीच. चार वर्षं लिहीत होती. प्रत एकच. प्रकाशक संध्याकाळी सहाला परगावी निघणार होते. त्याआधी बांधून हातात द्या म्हणाले, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी बघू याचा अर्थ काय, ते चौथी शिकलेल्यालाही कळतं.

मी दुपारीच दोन्ही गठ्ठ्यांच्या कडा मशीनवर कापून घेतल्या. कडा सरळ दिसल्या की मला जेवल्यासारखं वाटतं. पुठ्ठ्यांची खळ मात्र ओली होती. म्हटलं, लवकर वाळेल. आणि पंखा पाचवर केला.

तीनशे पानं एकदम उठली. मला सभेत कुणी बडा पाहुणा आल्यासारखंच वाटलं. खोलीभर फिरून ती जमेल तिथे बसली.

ही आतून धावत आली. "अहो, काय केलंत?"

"पंखा लावला."

"पंखा लावलात की विमान उडवलंत?"

"घाबरतेस कशाला? पानांवर आकडे आहेत की."

हिने एक पान उचललं. उलटं केलं, पालटं केलं. "कुठे आहेत?"

आकडे पानांच्या डोक्यावर होते. ते कडांबरोबर गेले होते. टेबलाखालच्या टोपलीत एक ते दीडशे आकडे दोनदा, सुखाने पडलेले होते. (कापले मात्र अगदी सरळ रेषेत. त्यात कुणी खोट काढावी!)

"सोपं आहे," मी म्हणालो. "राजा आला की प्राध्यापकांचं, यान आलं की पोरीचं."

ही वाचू लागली. "'राणीने मुकुट उतरवला आणि शाप दिला, तुझा वंश अंधारात फिरेल.' ठेवा राजांत."

ठेवलं.

"थांबा, थांबा. 'हे ऐकून राजाने तिसरा डोळा पुसला आणि यान शनीकडे वळवलं.'"

"मग काढू?"

"काढा. आता हे. 'तो अग्नीच्या रथात बसून सूर्यापर्यंत गेला आणि संध्याकाळी परत आला.'"

"यान! आपलं!"

"'...असे त्या काळचे लोक मानत असत.'"

"मग त्यांचं."

"अहो, एकदा काय ते ठरवा ना!"

तासाभरात तीन ढीग झाले. एक त्यांचा, एक आपला, एक देव जाणे कोणाचा. तिसरा सगळ्यांत उंच होता.

तीन वाजता मुलगी आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पानांच्या मधोमध फतकल मारून बसली.

"बाबा, आकडे?"

मी टोपलीकडे बोट दाखवलं. तिने टोपलीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्हाला वेगळं करता येणारच नव्हतं," ती हळूच म्हणाली. "मी सगळं सरांकडूनच उचललंय. सकाळी त्यांचा राजा टाइप करायचा आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला आकाशात पाठवायचा. रोज एक."

"हे त्यांना माहीत आहे?" हिने विचारलं.

"आई, वेड लागलंय का? माझ्याकडून एक स्वल्पविराम हलला, तर आठवडाभर बोलले नव्हते."

"बाइंडरबुवा, झालं का?"

दारात प्राध्यापक उभे होते. एका पानावर उभे होते. त्यांनी पाय उचलला, पान घेतलं आणि वाचलं. वाचताना त्यांच्या भुवया चढत चढत केसांत शिरल्या.

"हा माझा राजा आहे."

"हो सर," मुलगी उठून उभी राहिली.

"सैन्याने मागे फिरू नये म्हणून ह्याने स्वतःच्या नावा जाळल्या. इथे तो इंधनाची टाकी फोडतोय."

"हो सर."

"ह्याला तीन डोळे आहेत."

"हो सर."

"का?"

"त्याला मागचं दिसलं नाही, म्हणून तो हरला. तुम्हीच लिहिलंय सर."

"म्हणजे डोळा मागे आहे?"

"डोक्याच्या मागे."

प्राध्यापकांनी चपला काढल्या आणि जमिनीवर मांडी घातली. "मग जिंकला का?"

"नाही सर. मागे बघता बघता पुढच्या उल्केवर आपटला."

आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग कळलं, प्राध्यापक हसताहेत. दहा वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते.

"माझा क्रम मला पाठ आहे," ते बाह्या सारत म्हणाले. "तुझा माझ्यामागूनच चालत असणार. वहिनी, तुम्ही पानं शोधा. बाइंडरबुवा, तुम्ही कशालाही हात लावू नका. पहिली कथा, महापूर!"

"प्रकाशाचा महापूर! हा घ्या!"

"पाताळात उतरलेली राजकन्या!"

"कृष्णविवर! आई, तुझ्या मांडीखाली!"

"पृथ्वी तोलणारा नाग!"

"एकामागे एक जोडलेली नव्वद यानं! कपाटावर!"

"ह्या राजाला बहीण होती. तिला का वगळलीस?"

"तुम्ही तिला एका ओळीत संपवलीत सर."

"अरेरे," प्राध्यापक खरोखर हळहळले. "दोन तरी द्यायला हव्या होत्या."

पाच वाजता दोन्ही गठ्ठे जुळले. (प्रकाशकांना पुस्तक पावणेसहाला पोचलं, पुढे छापूनही आलं. तेव्हा काळजी नको.) पण टाके घालायला मी दाभण उचललं, तर एक पान उरलेलं.

प्राध्यापकांनी ते मोठ्याने वाचलं. "'चंद्रावरच्या ग्रंथभांडाराला एक राखणदार होता. तो चार शब्द बोलेपर्यंत चंद्राची एक फेरी पूर्ण होई. पुस्तकाला तो तान्ह्या लेकरासारखा हात लावी, आणि हात लावला की काहीतरी बिघडेच. त्याच्या अंगरख्याची बटणं कधी जुळत नसत, एक टोक वर, एक खाली. तरी साम्राज्य बुडू लागलं तेव्हा राजकन्येने आधी त्यालाच यानात घेतलं.'"

ते थांबले. "हा माझ्याकडचा नाही. असा माणूस कुठल्याच वंशावळीत नाही. हा कुठून आणलास?"

मुलगी पानांच्या कडा जुळवत बसली, त्या आधीच जुळलेल्या असताना.

मला तर हसू आवरेना. "काहीतरीच! इतका वेंधळा माणूस जगात असतो का? हे पान काढून टाक बाळ, कुणाला पटायचं नाही."

मग ही उठली, माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि प्राध्यापकांदेखत माझ्या सदऱ्याची बटणं वरपासून काढू लागली. एकेक काढून ज्याच्या त्याच्या काजात घातलं. दोन्ही टोकं ओढून सारखी केली आणि आत निघून गेली.