खुर्ची पिकवण्याची शास्त्रोक्त पद्धत

माणूस दोन पायांवर उभा राहायला शिकला याचं शास्त्रज्ञांना फार कौतुक. पण उभ्या माणसाने आजवर कुठलीही संस्कृती निर्माण केलेली नाही. उभा माणूस रांगेत असतो. संस्कृती सुरू झाली ती माणूस बसल्यावर, आणि कळसाला पोचली ती तो हात टेकवून बसल्यावर.

खानदेशात हात टेकवायची सोय जरा उशिराच आली. त्याआधी ओटा होता, बाज होती, आणि फारच थकवा आला तर शेजाऱ्याचा ओटा होता. आरामखुर्ची आणली गोऱ्या साहेबाने. सागवानी, वेताने विणलेली, आणि हात पुढे इतके लांब की साहेब त्यांवर पाय पसरून पडे. गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाला साहेबाच्या तोंडाऐवजी तळवे दिसत. (ही पद्धत आता बंद झाली आहे. आता तळवेही दिसत नाहीत. साहेब मीटिंगला गेलेले असतात.)

साहेब गेला, खुर्ची राहिली. लिलावातून ती रावेर तालुक्यातल्या आमच्या गावी जीवराम आबांच्या वडिलांकडे आली आणि त्यांच्याकडून आबांकडे. आबा केळीवाले. सकाळी बागेत चक्कर, उरलेला दिवस खुर्चीत. वर्षानुवर्षांच्या या साधनेने खुर्चीच्या हातांवर कोपरांचे दोन खळगे पडले, डोक्याच्या खोबरेलाने पाठीचा वेत काळाकुळीत झाला, आणि बैठक आबांच्या आकाराची झोळी झाली. आबांच्या पत्नी सुनंदाबाई ही खुर्ची बंबात घालायचा ठराव दर दिवाळीला मांडत, आणि आबा ठरावाच्या विषयावरच बसलेले असल्यामुळे तो दर दिवाळीला बारगळे.

मग जुन्या वस्तूंची फॅशन आली. जी वस्तू लोकांनी लाजेने माळ्यावर टाकली होती, तीच आता बैठकीत उजेड सोडून दाखवायची, अशी ही फॅशन. आबांची नात डिंपल पुण्याहून सुट्टीला आली, तिने खुर्चीचा फोटो काढून मोबाईलवर टाकला. फोटोत आबाही आले होते, ते कापले. चारच दिवसांत जळगावचे जुन्या फर्निचरचे व्यापारी हितेंद्र शेठ गाडी घेऊन दारात हजर.

शेठनी डोळे मिटून खुर्चीच्या पाठीचा वास घेतला. "याला पॅटिना म्हणतात, वापराने चढलेली झिलई," ते हळूच म्हणाले. "ही कुठे विकत मिळत नाही."

"ह्यायचं डोकं हाये ते," सुनंदाबाई म्हणाल्या. "घरात दोन उशाही तशाच हायेत. नेता का?"

शेठ आबांकडे वळले. "आबा, जरा उठता का?"

आबा उठले. आदराने विचारलं की माणूस उठतो. (सार्वजनिक जीवनात एवढी एकच खबरदारी घ्यायची असते.) खुर्चीवर प्लॅस्टिक चढलं, गिऱ्हाईक मिळेपर्यंत तिला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि आबांना लग्नाच्या मांडवातून कधीतरी चुकून घरी आलेली प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली.

संध्याकाळी आबांनी मुलाला, म्हणजे कुंदनला, हाक मारली.

"कुंदन, चहापुरतं बसू दे रे मले माह्या खुर्चीत."

"आबा, तुमी बसले तं झिजीन ना ती."

"अरे, झिजली म्हनूनच तं इकते ना तू?"

"जेवढी झिजाले पायजे तेवढी झिजली. आता पुढची झीज म्हंजे नुकसान."

आबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजे कालपरयंत मी कमाई करत होतो, अन् आजपासून नुकसान?"

"शास्त्र हाये आबा ते," कुंदन म्हणाला.

कुंदनला शास्त्र कळायचं, कारण त्याचं स्वतःचं केळी पिकवायचं चेंबर होतं. हिरवीगार केळी आत ठेवायची, थंडावा आणि गॅस बेताने सोडायचा, चार दिवसांत माल पिवळाधमक. कच्च्याचं पक्कं करणं हा ज्या भागाचा पिढीजात धंदा, तिथे एका तरुणाला पुढचा प्रश्न सुचणं अटळ होतं: केळी जर चार दिवसांत पिकतात, तर खुर्ची महिनाभरात शंभर वर्षांची का होऊ नये?

सुताराकडून डझनभर कोऱ्या खुर्च्या आल्या. वरच्या रॅकवर केळी, खालच्या रॅकवर खुर्च्या. महिन्याने चेंबर उघडलं तेव्हा खुर्च्यांना हिरवट लव आली होती आणि शिकरणाचा वास. शेठनी एका हातावर बोट फिरवलं.

"कुंदनभाऊ, ही म्हातारी झालेली नाही. हिला ताप आलाय."

अपयशातून विज्ञान पुढे जातं. मूळ खुर्चीला चेंबर लागलं नव्हतं, आबा लागले होते. म्हणजे गॅस चुकीचा होता. बुरशी खरवडून खुर्च्या अंगणात मांडल्या आणि गावातले ज्येष्ठ नागरिक बसायच्या कामावर घेतले. अटी सोप्या होत्या. वय साठच्या पुढे. डोक्याला तेल, टक्कल असल्यास दुप्पट. अनुभव मात्र संमिश्र आला. निवृत्त मास्तर सवयीने कडेवर बसत, त्यामुळे खुर्ची फक्त पुढून जुनी होई. बँकेतले जेवणाच्या सुट्टीला उठत ते परत येत नसत. माजी सरपंच सुकदेव यांना तर चाचणीतच वगळलं, कारण बसलेली खुर्ची सोडण्याचा त्यांना पूर्वानुभव नव्हता.

आबांची नेमणूक मुख्य बसणारे म्हणून झाली. त्यांना दर थोड्या वेळाने उठवून पुढच्या खुर्चीत हलवत, शेगडीवरची भाकरी फिरवावी तसं. कोऱ्या हातांवरून त्यांची कोपरं घसरत. जेवतानाही ती हवेत खळगे शोधत. नजर मात्र ओसरीवर प्लॅस्टिकखाली झाकलेल्या आपल्या खुर्चीवर.

अखेर धुळ्याचं गिऱ्हाईक लागलं: देवपुरातल्या मोहिनीताई, नवा बंगला. टेम्पो आला आणि तांत्रिक अडचण उभी राहिली. दोरीने आवळली तर पॅटिना निघेल. मोकळी ठेवली तर खुर्ची उडेल. वजन हवं होतं, आणि तेही झोळीत नेमकं बसणारं. सगळ्यांनी आबांकडे पाहिलं.

आबा टेम्पोत चढले. प्लॅस्टिक त्यांनी स्वतःच्या हातांनी काढलं. बसले. दोन्ही कोपरं आपापल्या घरी गेली. भुसावळ गेलं, जळगाव गेलं. एरंडोलला चहाला गाडी थांबली तेव्हा धुळ्याचा ड्रायव्हर मागे येऊन जमलेल्या गर्दीकडे बोट दाखवत म्हणाला, "आबा, बठ्ठा लोके तुमलेच देखी ऱ्हायनात!" तेव्हा आबांनी एकेक करत दोन्ही पाय उचलले आणि लांब हातांवर पसरले. तिथून पारोळ्यापर्यंत मागच्या गाड्यांना फक्त तळवे दिसत होते.

पांझरा ओलांडून टेम्पो बंगल्यासमोर थांबला. मागून गाडीने आलेले हितेंद्र शेठ आणि कुंदन पुढे झाले.

"आबा, जरा उठता का?" शेठ आदराने म्हणाले.

"नही," आबा म्हणाले.

दारात आलेल्या मोहिनीताई एकदम थबकल्या. त्यांनी आबांकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग पुन्हा दोघांकडे मिळून.

"अय्या! वेगळं नका ना करू!" त्या म्हणाल्या. "हा सेटच आहे ना?"

शेठनी कुंदनकडे पाहिलं. कुंदनने घरी फोन लावला. पलीकडे सुनंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"च्या दोनदा लागते त्याईले, गोड," त्या म्हणाल्या. "गोळी जेवल्यावर. अन् खिडकीपाशी ठेवू नका, ऊन सोसत नही." आणि त्यांनी फोन ठेवला.

आबा आता देवपुरात असतात. सुखात आहेत, त्यांना खुर्चीतून कोणी उठवत नाही. (खरं तर उठूच देत नाहीत.) पाहुणे येतात, एका बोटाने त्यांचं कोपर दाबून पाहतात आणि "ओरिजिनल?" असं विचारतात. अंगणातले बसणारे पांगले. कोऱ्या खुर्च्या पावसाळ्यात बंबाच्या कामी आल्या. दिवाळीला सुनंदाबाईंना ठराव मांडायला घरात खुर्चीही नव्हती आणि विरोधकही.

हे वाचून काही वाचकांना वाईट वाटलं असेल. बहुतेकांनी मात्र मधूनच उठून आपल्या घरातली जुनी खुर्ची एकदा नीट पाहून घेतली असेल: सागवानी आहे का, वेत मूळचा आहे का, मोबाईलमध्ये पूर्ण मावते का. त्यात गैर काही नाही. तेव्हा त्या खुर्चीत कोणी बसलं होतं का, आणि तुम्ही त्यांना काय म्हणालात, एवढं फक्त आठवा.

आणि खुर्चीत तुम्हीच बसला असाल, तर कोणी आदराने काही विचारलं की लगेच उठू नका.