आण्णांच्या सायकलची भाजणी

अंबूबाईंचा धोंड्याच्या जेवणाचं आवतण द्यायला फोन आला, तेव्हा विजयसिंह सरनोबतांनी तो मुद्दाम स्पीकरवर टाकला. थोरल्या जावयाला सासूबाई कोणत्या शब्दांत बोलावतात ते बायकोच्याही कानावर पडावं, एवढाच त्यांचा साधा हेतू होता.

"पावणं, औंदा अधिक महिना हाय. पुढच्या रविवारी दोघांनीबी यायचं. आन त्याच्या आदी आमची सायकल तेवढी घिऊन जावा. तडाकलीया. तुमच्या त्या वेल्डिंगनं चिकटतीया का बगा."

"कुठली सायकल?" विजयसिंहांनी विचारलं. सासऱ्यांच्या घरात सायकल एकच होती, हे त्यांना ठाऊक होतं.

"ती की. आपल्या धैर्यशीलरावांनी दिल्याली."

फोन ठेवल्यावर विजयसिंहांनी हिशेब मांडला. वेल्डिंग 'तुमचं' आणि धैर्यशीलराव 'आपले'. लग्नात आपण घोड्यावरून आलो होतो आणि धैर्यशील नुसत्या इनोव्हातून आला होता, हेही त्यांना उगाच आठवलं.

धैर्यशील हा त्यांचा साडू. अंबूबाईंच्या तीन मुलींपैकी थोरली संयोगिता विजयसिंहांना दिलेली, मधली धैर्यशीलला. धाकट्या प्रियदर्शनीचा साखरपुडा नुकताच झाला होता. दोन्ही जावई कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला, दोघंही धातूतलेच, आणि दुखण्याचं मूळ तेच होतं. विजयसिंह एका कंपनीत वेल्डिंग विभागाचे प्रमुख होते. साध्या लोखंडाचं काम त्यांच्याकडे येतच नसे. पंपाचे, टर्बाइनचे, नाजूक स्वभावाच्या मिश्रधातूंचे भाग येत. ते इतके बेमालूम जोडले जात की घासूनपुसून झाल्यावर जोड कुठे आहे ते कुणाला दिसत नसे. न दिसणाऱ्या कामाचं कौतुक कोण करणार? धैर्यशीलचं मात्र स्वतःचं हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे धातू तापवून त्याला ताकद आणायचं, युनिट होतं. तिथे लालभडक झालेला भाग भट्टीतून बाहेर येई, तेलात बुडे, जाळ होई, धूर होई. बघणारे मोबाईल काढत.

अंबूबाईंनी एकदा दोन्ही ठिकाणं बघितली होती. विजयसिंहांकडे त्यांच्या तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा चढवला गेला आणि त्यांना काहीच दिसलं नाही. धैर्यशीलच्या भट्टीला मात्र त्यांनी हात जोडले, आणि तेव्हापासून त्या गल्लीभर सांगत, "आमचं मधलं पावणं लोखंडाला आंगुळ घालत्यात." थोरलं पावणं काय करतात, असं कुणी विचारलं तर म्हणत, "ते व्हय? ते हाईत की कंपनीत."

सायकलही त्यातलीच. सासऱ्यांच्या, म्हणजे आण्णांच्या, सत्तरीला धैर्यशीलने अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, पांढरीशुभ्र रेसिंग सायकल दिली होती. ती इतकी हलकी होती की आण्णा ती दोन बोटांवर उचलून दाखवत. विजयसिंहांनी त्याच दिवशी शाल दिली होती. शाल कुणाला उचलून दाखवता येत नाही.

ही सायकल घेऊन आण्णा पन्हाळ्याला जातील अशी धैर्यशीलची कल्पना होती. आण्णा तीवरून रोज गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जात, धारोष्ण दुधाचा ग्लास रिचवत आणि घरचं दूध हँडलला दोन्ही बाजूंनी किटल्या अडकवून आणत. वाऱ्याशी शर्यत करायला जन्मलेली ती फ्रेम म्हशीच्या दुधाखाली तडकली, हे ऐकून विजयसिंहांना खूप दिवसांनी बरं वाटलं.

त्यांनी सायकल कंपनीत नेली, साहेबांच्या परवानगीने तडा साफ केला आणि स्वतः मशीनवर बसले. असं वेल्डिंग त्यांनी सरकारी कामालाही केलं नव्हतं. एकावर एक कलंडून ठेवलेल्या रुपयांच्या चवडीसारखी जोडाची रेघ उमटली. ती घासायची नाही, असं त्यांनी ठरवलं. एकदा तरी लोकांना दिसू दे. त्यांनी फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला.

आण्णांनी हात जोडले. प्रियदर्शनीने टाळ्या पाठवल्या, "दाजी, एक नंबर!" लिहिलं. मग धैर्यशीलचा मेसेज आला.

"वेल्डिंग सुंदर, दादा. फक्त उष्णतेनं जोडाशेजारचा धातू मऊ पडला असणार. फ्रेम माझ्याकडं पाठवा, मंद आचेवर ठेवून देतो. मग खरी ताकद येईल."

त्याला सासूबाईंनी हृदय पाठवलं. त्यांना हृदय पाठवता येतं, हे विजयसिंहांना आजच कळलं.

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे धैर्यशीलचं म्हणणं बरोबर होतं. हा मिश्रधातू वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या दोन्ही बाजूंना दुबळा होतो आणि नंतर ठरावीक मंद आचेवर, ठरावीक वेळ ठेवला की पुन्हा सावरतो. आच किंवा वेळ जास्त झाली, तर आलेली ताकदही निघून जाते. विजयसिंहांनी कॉलेजात या प्रश्नाचं उत्तर पूर्ण मार्कांचं लिहिलं होतं.

"मग द्या की त्यांच्याकडं," संयोगिता म्हणाली.

"म्हणजे जोड माझा आणि ताकद त्याची?"

"अहो, माझे वडील बसणार आहेत त्याच्यावर."

"बसू देत की. माझ्या जोडावर बसू देत."

त्यांनी ग्रुपवर 'गरज नाही' एवढंच लिहिलं. पण आण्णांचं वय डोळ्यांपुढून हलेना. ट्रीटमेंट तर करायला हवी आणि धैर्यशीलला कळता तर कामा नये. कागलमधल्या कुठल्याही भट्टीवर गेलं असतं, तर चहा यायच्या आत बातमी त्याच्याकडे पोचली असती. विजयसिंहांनी मंद आचेचा खूप विचार केला आणि संध्याकाळी फ्रेम खांद्यावर टाकून कोपऱ्यावरच्या बसलिंगाप्पांच्या बेकरीत गेले.

बसलिंगाप्पा त्यांचे सकाळी फिरायला जातानाचे सोबती. त्यांनी फ्रेमकडे बघितलं, मग विजयसिंहांकडे.

"काय पायजे साहेब? खारी?"

"ही भाजायची हाय. भट्टीत किती डिग्री असतंय?"

"डिग्री? खारीला कडक, नानकटाईला मध्यम, टोस्टाला मंद. हे आमचं डिग्री."

विजयसिंहांनी कंपनीतून आणलेलं तापमान मोजायचं यंत्र भट्टीच्या तोंडाशी धरलं. ते मागच्या कोपऱ्यात एक आकडा दाखवू लागलं, पुढच्या कोपऱ्यात दुसरा, आणि मधे धरल्यावर बंद पडलं.

"टोस्टाबरोबर घाला," विजयसिंह म्हणाले. "आणि हे बघा, कुणाला बोलायचं न्हाई."

"छ्या छ्या! सायकल भाजली म्हणून सांगितलं तर आमच्याकडं टोस्ट कोण घेतंय?"

फ्रेम टोस्टांच्या ट्रेंवर आडवी झोपली. दुसऱ्या दिवशी बाहेर आली, तेव्हा तिचा पांढरा रंग छान बिस्किटी झाला होता आणि तिला नानकटाईचा वास येत होता. सायकल पुन्हा जुळवून विजयसिंहांनी ती सासरी पोचवली, तेव्हा "नवीन शेड हाय, आण्णा," असं सांगितलं. आण्णांना शेड आवडली. मुंग्यांनाही आवडली. अंबूबाईंनी चाकांभोवती हळद टाकली.

रविवारी जेवणाला पाट मांडले होते. पुरण भरलेले धोंडे तळून तयार होते, ताटांभोवती रांगोळी होती. विजयसिंह पहिल्या पाटाजवळ उभे राहिले. धैर्यशील दुसऱ्या पाटाजवळ उभा राहिला आणि नेहमीसारखा नम्रपणे हसला. हा नम्रपणाच विजयसिंहांना सहन होत नसे. उद्धट साडू परवडला. त्याच्याविषयी निदान बोलता तरी येतं.

सोप्यात, पुढच्या ओसरीवर, आणखी एक जण होता. प्रियदर्शनीचा होणारा नवरा राजवीर. लग्न दिवाळीनंतर होतं, त्यामुळे त्याला पाट नव्हता. तो सहज आला होता.

"जेवायच्या आदी एक चक्कर मारून येतो," आण्णा म्हणाले. "दोन्ही पावण्यांच्या म्होरं सायकल चालवून दावली पायजे."

"रिकामी कशाला?" अंबूबाई म्हणाल्या. "जाताय तर दूध घिऊन या. बासुंदीला कमी पडतंय."

आण्णा किटल्या भरून परत आले तेव्हा सगळे दारात उभे होते. आण्णांनी एक पाय जमिनीला टेकला, आणि सायकलने त्यांना अगदी सावकाश खाली बसवलं. ना कसला आवाज, ना धक्का. म्हातारी म्हैस बसावी तशी ती मधे वाकली. आण्णांना खरचटलंही नाही. दूध मात्र गटारीपर्यंत गेलं.

"आता गं बया!" अंबूबाई ओरडल्या. "बासुंदी!"

विजयसिंह धावले. आधी त्यांनी आण्णांना उठवलं आणि लगेच गुडघ्यावर बसून जोड बघितला. रुपयांची चवड जशीच्या तशी होती! वाकली होती आणि फाटली होती ती जोडाशेजारची जागा. त्यांनी जोडावर बोट ठेवून सगळ्यांना दाखवलं.

"बघा! वेल्डिंगला काय झालंय का? बघा की जवळ येऊन!"

कुणी जवळ आलं नाही. धैर्यशीलचा चेहरा पडला होता.

"आण्णा, माझी चूक," तो म्हणाला. "दादांनी गरज नाही म्हणून लिवलं, पण माझ्या जिवाला चैन पडंना. तुम्ही नसताना गुपचूप सायकल नेली आणि फ्रेम भट्टीत ठेवली. " त्याने अंबूबाईंकडे बघितलं. "आत्याबायनी सांगितलं न्हाई, कारण दादांना वाईट वाटंल म्हणून मीच सांगू नका म्हटलो. पण माझं गणित कसं चुकलं, तेच कळंना."

सगळं अंगण धैर्यशीलकडे बघत होतं. त्याच्याकडे लोक असं बघताना विजयसिंहांनी पहिल्यांदाच पाहिलं. गणित का चुकलं ते त्यांना ठाऊक होतं. फ्रेम एकदा भाजून झाली होती, दुसऱ्या भाजणीने तिची उरलीसुरली ताकद गेली होती. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. विजयसिंहांनी ते वाक्य गिळलं. ते गोड लागलं.

"जाऊ दे, धैर्यशीलराव," ते मोठ्या मनाने म्हणाले. "माणूस हाय, चुकायचंच."

तेवढ्यात चहाबरोबरच्या टोस्टांची पिशवी घेऊन बसलिंगाप्पा फाटकातून आत आले. अंबूबाईंनीच फोन करून मागवले होते. त्यांनी वाकलेली फ्रेम बघितली आणि पिशवी हातातच राहिली.

"यप्पा! काय झालं हो आमच्या सायकलला? एवढी चांगली भाजली होती! टोस्ट आन ती एकदमच काढली की मी!"

संयोगिताने नवऱ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर सरनोबतांच्या घरात फक्त परीक्षेच्या निकालाच्या दिवशी दिसे.

"तरीच," धैर्यशील सावकाश म्हणाला. "माझ्या भट्टीला तवापास्नं नानकटाईचा वास येतोय. माणसं दुपारी भट्टीपुढं डबा घिऊन बसत्यात."

"म्हंजे दोघांनीबी भाजली?" अंबूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आन एकमेकाला पत्त्या न्हाई? अवं, भाकरीसुदा दोनदा भाजली की करपती. एवढं शिकलायसा कशाला?"

आता राजवीर पुढे आला. पुण्याला तो कुठल्याशा रसायनांच्या कंपनीत आहे, एवढंच आजवर सर्वांना माहीत होतं.

"मी बघू का, आण्णा? मऊ झालीये तर सरळ करायला उलट सोपी," तो म्हणाला, आणि त्याने फ्रेम गुडघ्यावर घेऊन सरळ केली. विजयसिंहांना तो 'उलट' अजिबात आवडला नाही. "वरून धातूची नळी बसवून चिकटवून टाकू. आमच्या कंपनीचं चिकटवायचं रसायन आहे गाडीत. विमानाचे भागही असेच चिकटवतात. ना वेल्डिंग, ना भट्टी. धातू तापवायचाच नाही, म्हणजे मऊ पडायचा प्रश्नच नाही."

"तापवायचंच न्हाई?" अंबूबाईंनी डोळे मोठे केले. "इमानाचं?"

"हो, आई."

'आई' म्हणाला! विजयसिंह आणि धैर्यशील दोघंही अजून 'आत्याबाय' म्हणत होते.

राजवीरने गाडीतून रसायनाच्या दोन ट्यूब आणि धातूची एक उभी चिरलेली नळी आणली, दोन्ही रसायनं एकमेकांत कालवली, फाटलेल्या जागेवर लेप दिला, वरून ती नळी चढवली. मग त्याने इकडेतिकडे बघितलं.

"आता हे सुकेपर्यंत दोन्हीकडून घट्ट दाबून धरायला हवं. अजिबात हलता कामा नये."

"धरतील की!" आण्णा म्हणाले. "दोन पावणं हाईत."

अशा रीतीने विजयसिंह फ्रेमच्या एका टोकाला आणि धैर्यशील दुसऱ्या टोकाला, सोप्यात भिंतीला टेकून बसले. आतून तुपाचा वास येत होता. निरांजन पेटल्याचं दिसत होतं.

"राजवीरराव, तुमी बसून घ्या," अंबूबाईंचा आवाज आला. "त्या पाटावर बसा, पयल्या. ह्यांचं हात काय आता मोकळं न्हाईत. आन धोंडे गारच हुत्यात."

"आई, माझा मान नाही तो."

"मानाचं काय घिऊन बसलाय? खावा."

पहिल्या पाटावर राजवीर बसला. बसलिंगाप्पांनाही आग्रहाने दुसरा पाट मिळाला, कारण तो रिकामाच होता. पहिला धोंडा फुटल्याचा खुसखुशीत आवाज सोप्यापर्यंत आला.

"बासुंदी न्हाई, पण खाताय कसं झ्याक!" अंबूबाई म्हणत होत्या. "गल्लीत सांगती, आमचं धाकलं पावणं इमान चिकटवत्यात."

विजयसिंहांनी फ्रेमच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. धैर्यशीलही आतल्या पाटाकडेच बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो नम्रपणा कुठेही नव्हता. इतक्या वर्षांत साडूचा चेहरा विजयसिंहांना पहिल्यांदाच आपल्यासारखा वाटला. ते फ्रेम न हलवता थोडे सरकले.

"साडू," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्यो डिंक आचेला कसा असतोय?"

"लई नाजूक," धैर्यशील ओठ न हलवता म्हणाला. "नीट तापवला की ढिला पडतोय."

विजयसिंहांनी आत बघितलं. बसलिंगाप्पा तिसरा धोंडा मागत होते, म्हणजे लवकर काही उठत नव्हते.

"बेकरीची भट्टी अजून गरम असंल."

"टोस्टाची व्हय? बास की," धैर्यशील म्हणाला. "पण दादा, ह्या खेपंला दोघांनी मिळून भाजायची. एकदाच."