उत्कृष्ट दर्जाची गुहा

एका जंगलात, मुलांनो, वणवा लागला आणि अर्धी टेकडी जळाली. घरं गेलेल्या प्राण्यांना राजाने एका गुहेत ठेवलं. "पंधरा दिवसांची सोय आहे," तो म्हणाला. त्याला तीन वर्षं झाली.

गोदा सशीण तिच्या तीन पिल्लांसह तिथेच राहायची. शेजारी तुकोजी साळिंदर. तो स्वभावाने फार गरीब होता, पण कूस बदलली की गोदाला टोचायचा. मग रोज सकाळी माफी मागायचा.

गुहेच्या भिंती ओल्या होत्या. गोदाचं धाकटं पिल्लू खोकून खोकून निळं पडायला लागलं. तेव्हा ती थेट दरबारात गेली.

"महाराज, माझं लेकरू जाईल हो!"

राजा हळहळला. त्याने ताबडतोब बगळेसाहेबांना निरीक्षक नेमलं.

साहेब आले ते एका पायावर उभे राहिले. प्रत्येकाला एक पाय टेकण्याइतकी जागा आहे, असं त्यांनी लिहून घेतलं. मग भिंतीला चोच लावली.

"ओल आहे. इथे श्वास कोण घेतं?"

"आम्ही सगळेच, साहेब," तुकोजी म्हणाला.

"तरीच!"

सगळ्यांना बाहेर काढलं. आठवड्याने साहेबांनी पुन्हा तपासणी केली. भिंती कोरड्या, हवा मोकळी, गर्दी नाही. गुहेला 'उत्कृष्ट' दर्जा मिळाला. दाराशी धोंडा लावला. शेजारच्या जंगलांतून पाहुणे ती बघायला येऊ लागले.

बाहेर थंडी होती. गोदाने करवंदीच्या जाळीखाली बीळ खणायला घेतलं. तुकोजीने माती उपसली आणि स्वतः दाराबाहेर आडवा झाला, कुणाला टोचू नये म्हणून. चार दिवसांत पिल्लाचा खोकला उतरला. गोदा कित्येक महिन्यांनी गाढ झोपली.

पाचव्या दिवशी बगळेसाहेब हजर.

"बाई, हे बीळ मापात नाही. बुजवा."

"मग पोरांना घेऊन जाऊ कुठे?"

"अहो, एवढी उत्कृष्ट गुहा आहे ना तुमच्यासाठी!"

"मग धोंडा काढा. जातो आम्ही आत."

साहेबांचा दुसरा पायही जमिनीवर आला.

"आत? आत राहिलात तर दर्जा घसरेल, बाई!"

आणि त्यांनी स्वतःच्या पायाने माती लोटायला सुरुवात केली.

तात्पर्य: निवाऱ्याचा दर्जा राखणं हे प्रत्येक बेघराचं कर्तव्य आहे. ते त्याने बाहेर राहून पार पाडावं.