फलकामागचे जावईबापू

सासऱ्यांच्या दुकानातल्या संगणकावर साधं एक चित्र उघडायचं म्हटलं, तरी आधी डिझाइनचा एक अवाढव्य प्रोग्राम जागा होई. आणि तो जागा होईपर्यंत कपातला चहा सायीची चादर ओढून झोपी गेलेला असे. नावाच्या पाट्या, चषक आणि सन्मानफलक कोरून देणं हा सासऱ्यांचा धंदा. लाकडावर ते दिवसभर शब्द उधळत. तोंडाने मात्र जपून खर्च करत. लग्न झाल्यापासून त्यांतला कौतुकाचा एकही शब्द जावयाच्या वाट्याला आला नव्हता, आणि ही उणीव त्या दुपारी भरून काढायचीच, असा त्याने निश्चय केला होता.

"बाबा, कोणती फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडायची, हे एकदा ठरवून दिलं की झालं. पाच मिनिटांचं काम."

"राहू द्या, जावईबापू. संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाई यायच्यात फलक न्यायला. उद्या निवृत्त होतायत. असलं लाकूड आता एवढंच उरलंय."

"तुम्ही फलकासाठी खोका घेऊन या. परत याल तेव्हा ओळखणार नाही तुम्ही हा संगणक."

हीच भीती सासऱ्यांना होती. पण जावयाला नाही म्हणायला जी जीभ लागते, ती त्यांना कुणी दिली नव्हती. त्यांनी कोरा फलक कोरण्याच्या मशीनमध्ये पक्का बसवला, मशीन चालू करून ठेवलं, मुलीकडे एक नजर टाकली आणि ते खोका आणायला गेले. नजरेचा अर्थ 'लक्ष ठेव' असा होता. जावयाने तो आशीर्वाद समजून घेतला.

पडद्यावर प्रकारांची यादी उमटली: जेपीजी, जेपीईजी, पीएनजी, बीएमपी. प्रत्येकासमोर तोच तो अवाढव्य प्रोग्राम मांडी ठोकून बसलेला.

"जेपीजी आणि जेपीईजी एकच ना हो?" बायकोने विचारलं. वडिलांच्या दुकानात ती त्याला 'अहो' म्हणत असे.

"सख्खे भाऊ. पण चुली वेगळ्या. दोघांनाही स्वतंत्र आमंत्रण द्यावं लागतं."

त्याने एकेकाला नवा धनी नेमून दिला. निवडीच्या खिडकीत एका लाल किरणाचं देखणं चिन्ह होतं. त्यावर बोट ठेवून, 'नेहमी हाच प्रोग्राम वापरा' या चौकटीत त्याने ऐटीत खूण केली.

"हा कसला प्रोग्राम?"

"चित्रं बघायचा. चिन्हावरूनच कळतं गं. बघ कसा सुटसुटीत आहे."

तो कोरण्याच्या मशीनचा प्रोग्राम होता. सारखी बटणं दाबून सासऱ्यांची बोटं दुखत, म्हणून त्यांनी मेकॅनिककडून त्यात दोन सोयी करून घेतल्या होत्या. फाइल उघडली, की काही न विचारता कोरायला घ्यायचं. आणि लाकूड वाया जाऊ नये म्हणून मागून आलेली फाइल उरलेल्या जागेत आपोआप बसवायची. मशीन अशा एकनिष्ठ, निर्बुद्ध आज्ञाधारकपणाने आदेशाची वाट बघत उभं होतं.

जावयाने आपल्या मोबाइलमधला एक फोटो संगणकावर घेतला. मित्राच्या नव्या गाडीला टेकून, गॉगल लावून काढलेला. त्याने त्यावर दोनदा टिचकी मारली. फोटो क्षणात उघडला.

"बघ! चहाची वाफसुद्धा मोडली नाही."

पाठीमागे काहीतरी सूं सूं करू लागलं. जळक्या लाकडाचा वास, जुनी आठवण यावी तसा हलकेच खोलीत आला.

"अहो, मशीन चालू झालंय."

"तापतंय ते."

"तापत नाहीये, कोरतंय. तुमचे केस आलेत."

त्याने खिडकी बंद केली. पण खिडकी लावल्याने पाऊस थांबत नसतो. केसांखाली कपाळ आलं, कपाळाखाली गॉगल.

"घाबरू नकोस. फक्त जेपीजीचंच बिघडलंय का, तेवढं तपासू," असं म्हणत त्याने सासऱ्यांच्या कप्प्यातली पहिलीच पीएनजी उघडली. ती कुणाच्या तरी फाटकावरच्या पाटीचा नमुना होती. मशीनने तीही नम्रपणे रांगेत घेतली.

"अरे, थांबव ना ते!" 'अहो'चा 'अरे' झाला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"थांबवतोय!"

"तो लाल खटका दाब!"

"लाल आहे. काहीतरी धोक्याचा असणार. उगाच हात नको लावू."

त्यामुळे सगळं काम अत्यंत निर्विघ्नपणे पार पडलं. सासरे खोका घेऊन परतले, तेव्हा फलकावर त्यांचा जावई गॉगलमधून शांतपणे छताकडे पाहत होता, आणि त्याच्या हनुवटीखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'कुत्र्यापासून सावध राहा.'

सासरे बराच वेळ फलक न्याहाळत राहिले. मग त्यांनी त्यावर अंगठा फिरवला.

"खोल गेलंय," ते म्हणाले. "घासून निघायचं नाही."

"बाबा, सॉफ्टवेअरमध्येच मुळात दोष..."

"बसा, जावईबापू."

त्यांनी फलक उलटा केला, कोऱ्या बाजूवर बाईंचा गौरवमजकूर कोरला, कडा पुसल्या. दिवेलागणीला मुख्याध्यापिकाबाई आल्या. मजकूर वाचून त्यांचे डोळे पाणावले. जावयाने सुस्कारा सोडला. पण आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईंनी शेवटी पान उलटावं तसा फलक उलटला.

जावई हळूच कोपऱ्यात सरकला.

"हे काय?"

"आमच्या दुकानाची खूण," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज जराही हलला नाही. "नक्कल होऊ नये म्हणून."

बाईंनी चष्म्यावरून फलकाकडे पाहिलं, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या जावयाकडे. ओठ घट्ट मिटलेले होते. पण बघता बघता त्या ओंजळीत तोंड लपवून हसू लागल्या, हसता हसता खुर्चीत बसल्या.

"उद्या माझ्याच निरोपाला मी रडणार होते हो," त्या डोळे टिपत म्हणाल्या. "आता सगळ्यांना आधी मागची बाजू दाखवते."

त्यांनी ती खरोखरच दाखवली. आठवडा उलटण्याच्या आत शाळेतून स्पर्धेच्या ढालींची मागणी आली. मग शेजारच्या बँकेतून, मग व्यायामशाळेतून. प्रत्येकाची अट एकच: मागे खूण हवी.

पुढच्या रविवारी जावई छाती काढून दुकानात आला. सोबत नवा फोटो होता: सूट, टाय, चेहऱ्यावर विचारवंताचं गांभीर्य.

"बाबा, आता दुकानाची खूणच आहे, तर जरा भारदस्त असावी. हा वापरू."

"नको. खूण एकदा पडली की पडली."

"बरं, चेहरा तोच राहू द्या. निदान ती कुत्र्याची ओळ तरी काढू."

सासऱ्यांनी हातातली ढाल खाली ठेवली. लग्नानंतर प्रथमच त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, गिऱ्हाईक त्या ओळीसाठीच येतं," ते मायेने म्हणाले. "चेहरा आपण घरचा माणूस म्हणून चालवून घेतोय."